सत्तर मिलिमीटरच्या आतला फोन: लहान स्मार्टफोन मागणाऱ्यांचे नेमके म्हणणे काय?

आडवाट

नमस्कार मंडळी,

माझा सध्याचा फोन पाच वर्षांचा झाला आहे. त्याची बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कशीबशी तग धरते आणि सुरक्षेचे अपडेट कधी बंद होतील याचा नेम नाही, म्हणून गेल्या शनिवारी नवा फोन बघायला बाहेर पडलो. पहिल्याच दुकानात 'लहान फोन दाखवा' म्हटल्यावर विक्रेत्याने ६.७ इंची फोन काउंटरवर ठेवला. त्याहून लहान मागितला तेव्हा ६.३ इंची काढला आणि 'याच्या खाली आता काही येत नाही, साहेब. मोठा वापरायला लागलात की लहानाची आठवणही येणार नाही' असे वर सांगितले. हे आश्वासन मी गेली दहा वर्षे ऐकतो आहे. मध्यंतरी वर्षभर कार्यालयाने दिलेला मोठा फोन वापरलाही, आणि आठवण रोज आली.

लहान फोन मागणाऱ्याला लोक एक तर चिक्कू समजतात, नाही तर जुन्याला कवटाळून बसणारा. मी स्वतःला या दोन्हींत धरत नाही. चांगला कॅमेरा, वेगवान प्रोसेसर आणि त्याचे पूर्ण पैसे, हे सगळे मला मान्य आहे. फक्त तो फोन एका हातात मावला पाहिजे. आता 'मावणे' म्हणजे काय, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इंचाच्या आकड्याने या विषयात बराच घोळ घातलेला आहे.

पडदा कर्णावर मोजतात. कर्ण तोच ठेवून पडदा उंच आणि अरुंद करत गेले, की त्याचे क्षेत्रफळ घटत जाते. पूर्वी १६:९ प्रमाणाचे (उंची १६ भाग, तर रुंदी ९) पडदे सर्रास असत; अशा ५.५ इंची पडद्याची रुंदी सुमारे ६८ मिमी भरते. पुढे १९.५:९ प्रमाण आले आणि त्यातल्या ५.८ इंची पडद्याची रुंदी साधारण ६२ मिमी झाली. क्षेत्रफळ दोघांचे जवळजवळ सारखेच आहे, आणि कागदावर 'मोठा' असलेला दुसरा पडदा हाताला मात्र लहान लागतो. तेव्हा माझ्या लेखी फोनचा खरा आकार म्हणजे त्याची रुंदी, आणि दुसऱ्या क्रमांकावर वजन. २००७ सालच्या पहिल्या आयफोनची रुंदी ६१ मिमी होती, २०१२ च्या आयफोन ५ ची ५८.६ आणि २०२० च्या आयफोन १२ मिनीची ६४.२. आजचे मोठे फोन ७५ ते ७९ मिमीच्या घरात असतात. एवढ्याशा दीड सेंटिमीटरने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचा प्रयोग करून पाहावा.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या जाड पत्रिका कापून, एकावर एक चिकटवून, मी आठ मिमी जाडीचे पाच तुकडे केले. उंची सगळ्यांची १४७ मिमी ठेवली आणि रुंदी ६२, ६६, ७०, ७४ व ७८ अशी घेतली. कागदाला वजन नसते, म्हणून मधल्या थरांना खिडक्या पाडून त्यात दहा रुपयांची नाणी बसवली. एक नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅम भरते आणि आमच्याकडचे किराणावाले ती घेत नसल्यामुळे घरात साठलेली होतीच. मग उजव्या हातात धरून, पकड न हलवता, अंगठ्याने समोरचा वरचा कोपरा गाठता येतो का ते पाहिले. ६२ आणि ६६ ला तो थोड्या प्रयासाने आला. ७० ला अंगठा ताणावा लागला. ७४ ला करंगळी खाली टेकून तुकडा तळहातावर वर सरकवल्याशिवाय जमले नाही, आणि ७८ चा तुकडा त्या सरकवण्यात दोनदा जमिनीवर पडला. तुकड्यांवर मी पेनाने 'उत्तम', 'चालेल' आणि 'नको' असे शेरे लिहून ठेवले आहेत. हा माझ्या हाताचा निकाल झाला. तुमच्या हाताचा वेगळा असेल.

आपल्यापैकी ज्यांना लहान फोन आवडतो, त्यांना तो नेमका कशासाठी हवा असतो? आणि ज्यांना आवडत नाही, त्यांनीही अवश्य लिहावे.

बदलापूरकर

माझे कारण एका ओळीत सांगता येईल: मला दिवसातले तीन तास एकच हात मोकळा असतो.

सकाळच्या लोकलमध्ये शिरल्यावर पाठीवरची सॅक पुढे छातीवर येते, डावा हात वरच्या हँडलला जातो आणि उजव्या हाताला कोपरापासून खाली हलण्यापुरती जागा उरते. तेवढ्या जागेत खिशातून फोन काढायचा, अंगठ्याने उघडायचा आणि वाचायचे. तिकीट तपासनीस आला तर त्याच हाताने मोबाइलवरचा पास दाखवायचा. मोठा फोन असताना मला दर वेळी त्याची वरची पट्टी खाली ओढण्यासाठी हँडल सोडावे लागे, आणि कुर्ला-घाटकोपरच्या दरम्यान हँडल सोडणाऱ्याचे काय होते हे रोजच्या प्रवाशांना सांगायला नको. एकदा फोन निसटला, पण गर्दी इतकी होती की तो खाली न पडता दोन माणसांच्या मध्ये अडकून राहिला. ते दोघे आणि मी बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो.

आता माझ्याकडे जुना ६९ मिमी रुंदीचा फोन आहे. आडवाट यांचा रुंदीचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पडदा लांब असला तरी माझी तक्रार नसते, कारण वाचताना मजकूर अंगठ्याखाली सरकत येतोच. आडवे अंतर मात्र अंगठ्यालाच कापावे लागते.

चाळिशीपार

विरोधी बाजू मांडण्याची जबाबदारी मी घेतो.

मला चाळिशी लागून बारा वर्षे झाली. इंग्रजी मजकूर लहान अक्षरांत एक वेळ वाचता येतो. देवनागरीचे तसे नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार असतो, खाली उकार आणि ऋकार असतो, आणि मध्ये जोडाक्षर असले तर त्याच चौकटीत दोन-तीन व्यंजने दाटीवाटीने बसतात. 'दृष्ट्या' किंवा 'उद्ध्वस्त' हे शब्द बारीक टंकात पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. अक्षर मोठे केले की दोन ओळींतले अंतरही वाढवावे लागते आणि लहान पडद्यावर एका वेळी जेमतेम आठ-दहा ओळी दिसतात. वाक्य लांब असेल तर त्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात वर निघून गेलेली असते.

दुसरे उदाहरण सातबाऱ्याचे. गावची जमीन सामाईक आहे, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा उतारा बघावा लागतो. तो मूळचा आडव्या रकान्यांचा कागद. लहान फोनवर खातेदाराचे नाव एकीकडे आणि क्षेत्र दुसरीकडे, आणि मध्ये बोटाने सरकवत राहायचे. एकदा मी असाच चुलतभावाच्या नावासमोरचा आकडा माझा समजून बसलो होतो. वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्तीचीही तीच गत आहे.

खिशात फोन किती मावतो यापेक्षा फोनमध्ये मजकूर किती मावतो, हे मला महत्त्वाचे वाटते. मी फोन दोन्ही हातांनी वापरतो, बसून वापरतो, आणि चालताना वापरत नाही.

सुईदोरा

खिशाचा विषय निघालाच आहे, तर ज्यांच्या कपड्यांना खिसेच नसतात त्यांच्या बाजूने लिहिते. मी गेली अठरा वर्षे कपडे शिवते. पूर्वी कुर्त्याला खिसा सांगणारी बाई विरळा असे. आता मापे देताना दहातल्या सहा-सात जणी आपणहून खिसा सांगतात आणि तो कशासाठी, हे विचारावे लागत नाही. काहीजणी चक्क फोन माझ्या टेबलावर ठेवून 'हा मावला पाहिजे' म्हणतात.

अडचण अशी, की कुर्त्याचा खिसा बाजूच्या शिवणीत लावतात. दीडशे ग्रॅमपर्यंतचा फोन त्यात बिनबोभाट राहतो. सव्वादोनशे ग्रॅमचा फोन कव्हरसकट टाकला की मऊ सुती कापड एका बाजूला ओढले जाते, घेराला झोळ येतो, आणि चार-सहा धुण्यांनंतर खिशाच्या तोंडाशी शिवण उसवते. मी तिथे आतून पट्टी लावून देते, तरी चालताना तो फोन मांडीवर आपटतो तो आपटतोच. साडीत तर प्रश्नच मिटला. मोठा फोन सरळ पर्समध्ये जातो, आणि पर्समधला फोन वाजला तर तो हाती लागेपर्यंत बंद होतो.

हाताचेही तेच आहे. माझी वीत सात इंचांची. आडवाट यांच्या तुकड्यांपैकी ६६ चासुद्धा मला 'चालेल' या वर्गातच बसेल असे वाटते. बाजारातला 'सर्वांसाठीचा' फोन कोणाचा हात समोर ठेवून बनवतात, हा प्रश्न मला मापे घेणारी बाई म्हणून नेहमी पडतो. कपड्यांत निदान एस, एम, एल तरी असतात.

हस्तोपचार

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. वर करंगळी टेकून फोन सरकवण्याचा उल्लेख आला आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

अंगठा हा मुळात इतर बोटांच्या समोर येऊन वस्तू पकडण्यासाठी घडलेला आहे. फोन वापरताना आपण त्याला पकडीच्या कामातून मोकळे करतो, तळहातापासून दूर ताणतो आणि त्या ताणलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा टकटक करायला लावतो. पकडीचे काम उरलेली चार बोटे करतात आणि पुष्कळ वेळा फोनचा भार करंगळीच्या एका पेरावर येतो. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाच्या बाजूला एका अरुंद आवरणातून जातात. तिथे सूज आली की अंगठा ताणताना कळ येते. या विकाराला १८९५ साली त्याचे वर्णन करणारे स्विस शल्यचिकित्सक डी क्वेरव्हेन यांचे नाव आहे, म्हणजे तो फोनच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये आम्ही तो नेहमी पाहतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या दिशेने वाकवल्यावर तीव्र कळ आली, तर आंतरजालावर शोधत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

लहान फोनमुळे अंगठ्याचा ताण कमी होतो, हे यांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण लहान फोन हे औषध नव्हे. अरुंद कीबोर्डवर तासनतास टंकन करणारा माणूसही आमच्याकडे येतो, आणि मोठा फोन टेबलावर ठेवून तर्जनीने वापरणारा येत नाही. फोन कसा धरला आणि किती वेळ धरला, हे त्याच्या आकाराइतकेच पाहावे लागते.

दोन_रकाने

मी ॲपच्या पडद्यांची रचना करतो. वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो.

मोबाइलच्या पडद्यांच्या रचनेचा अभ्यास करणारे स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या लोकांची १,३३३ निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. त्यांपैकी जे पडद्याला हात लावत होते त्यांतले ४९ टक्के लोक फोन एकाच हाताने वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्याने, आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. त्या काळचे फोन आजच्यापेक्षा लहान होते, त्यामुळे हे आकडे आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र पडदे वाढल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केले ते पाहा. २०१४ मध्ये ॲपलने मोठे आयफोन आणले आणि त्यांच्यासोबतच अख्खा पडदा खाली ओढून घेण्याची सोय दिली. २०२१ मध्ये त्यांच्या ब्राउझरची पत्त्याची पट्टी वरून खाली आली, आणि त्याच वर्षी अँड्रॉइड १२ मध्ये एका हाताने वापरण्याची सोय मुळातच आली. म्हणजे अंगठा वरपर्यंत पोहोचत नाही, हे बनवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. आम्हीही आता महत्त्वाचे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवत नाही. ठेवले तर तपासणीतच ओरड होते.

पाचवा_थर

आडवाट यांनी विचारलेले नाही, पण धागा वाचताना प्रत्येकाच्या मनात येणारा प्रश्न असा असणार, की इतक्या लोकांना हवा आहे तर कंपन्या लहान फोन काढत का नाहीत. मी सर्किट बोर्डच्या आखणीचे काम करतो (फोनच्या नव्हे, पण तत्त्व तेच), म्हणून थोडे लिहितो.

फोन लहान केला की पडदा लहान होतो, बॅटरी लहान होते. कॅमेरा, प्रोसेसर, मोडेम, चार्जिंगचे छिद्र, स्पीकर आणि सिमचा खण मात्र तेवढेच राहतात. मोठ्या घराचे क्षेत्रफळ निम्मे केले तरी मोरी आणि जिना निम्मा होत नाही, तसाच हा प्रकार. या न आकसणाऱ्या भागांनी जागा अडवल्यावर जी उरते, ती बॅटरीला मिळते. आयफोन १२ मिनीत २,२२७ एमएएचची (हे बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) बॅटरी होती आणि त्याच पिढीच्या सर्वांत मोठ्या फोनमध्ये ३,६८७ ची. मोठ्याचा पडदा क्षेत्रफळाने लहानाच्या दीडपट होता, पण बॅटरी साधारण एक पूर्णांक दोन तृतीयांश पट. पडद्याचा खर्च क्षेत्रफळाबरोबर कमी होतो, हे खरे. पण प्रोसेसर आणि मोडेम फोन लहान आहे म्हणून कमी वीज खात नाहीत. त्यात उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी. म्हणून लहान फोन दुपारी मान टाकतो आणि मग परीक्षणात 'बॅटरी कमकुवत' असे लिहून येते.

प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी मोठ्या फोनांची थट्टा केली होती आणि असले फोन कोणी घेणार नाही असे सांगितले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ५.३ इंची गॅलेक्सी नोट आला, त्यालाही सुरुवातीला लोक हसले, आणि मग सगळा बाजार त्याच्या मागे गेला. सोनीने मात्र काही वर्षे नेट धरला. २०१४ चा एक्सपीरिया झेड१ कॉम्पॅक्ट ४.३ इंची होता आणि त्यात मोठ्या भावाचाच प्रोसेसर व कॅमेरा होता. एरवी 'मिनी' म्हणजे आतून उतरवलेला माल, असा शिरस्ता असताना हे विशेष होते. ती मालिका २०१८ च्या सुमारास थांबली. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये मिनी आणले, २०२२ च्या नव्या पिढीत मिनीची जागा मोठ्या 'प्लस'ने घेतली आणि २०२३ मध्ये १३ मिनीही यादीतून गेला. असूसचा झेनफोन १० हा ५.९ इंची होता. त्यानंतर २०२४ मध्ये आलेला झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंची निघाला. पेबल घड्याळाचे जनक एरिक मिगिकोव्हस्की यांनी २०२२ मध्ये लहान अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीमच काढली आणि ५०,००० सह्यांचे उद्दिष्ट ठेवले. ५०,००० हा आकडा माणसांच्या दृष्टीने मोठा वाटतो. फोनच्या पडद्याचे पॅनेल बनवणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने तो किरकोळीतला आहे. वेगळ्या मापाचे पॅनेल, वेगळा साचा, वेगळ्या चाचण्या, हा सगळा खर्च त्या थोड्या नगांवर पडतो, आणि 'लहान आहे म्हणजे स्वस्त असणार' असे गिऱ्हाईक धरून चालते.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट बदलते आहे. बॅटरीच्या ऋण टोकाला नुसत्या ग्रॅफाइटऐवजी सिलिकॉन-कार्बन वापरले की त्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. सिलिकॉन चार्ज होताना फुगते, ती अडचण आता बऱ्यापैकी आवरली गेली आहे. २०२५ मध्ये भारतात आलेला वनप्लस १३एस हा ६.३२ इंची फोन ५,८५० एमएएचची बॅटरी घेऊन आला. साधारण त्याच मापाच्या गॅलेक्सी एस२५ मध्ये ४,००० ची आहे. तेव्हा 'बॅटरीसाठी मोठा फोन हवा' हे कारण यापुढे तितकेसे टिकणार नाही. अर्थात मिळालेल्या सवलतीतून कंपन्या फोन आणखी अरुंद करतील की बॅटरी आणखी मोठी, यावर मी पैज लावणार नाही.

टेम्पर्ड

माझे तालुक्याच्या गावी मोबाइलचे दुकान आहे. विक्रेत्यांवर वर टीका झाली आहे, ती मी खेळीमेळीने घेतो; पण काउंटरच्या अलीकडून काय दिसते तेही वाचावे.

माझ्याकडे येणारा गिऱ्हाईक बहुधा 'मोठा पीस दाखवा' असेच म्हणतो, आणि तो चुकत नाही. त्याच्या घरात एकच चांगला फोन असतो. त्यावर मुलीचा अभ्यास, आजीचे कीर्तन, बाजारभाव, आणि रात्री सगळ्यांनी मिळून बघायची मालिका. परगावी असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की पाच डोकी त्या पडद्यात मावावी लागतात. तो त्या घरचा दूरदर्शन संच आहे. त्याला लहान घ्या म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू? लहान फोन मागणारे मला महिन्याला दोन-तीन भेटतात, आणि बहुतेकांच्या घरी लॅपटॉप किंवा टॅब असतो. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, निरीक्षण म्हणून लिहितो.

आणखी एक गोष्ट. कमी खपाच्या मॉडेलची टेम्पर्ड ग्लास आणि बॅक कव्हर आमच्यापर्यंत येतच नाहीत. पंधरा-वीस नग कोण मागवून ठेवणार? मग फोन घेतलेला माणूस सहा महिन्यांनी काचेसाठी येतो, मी नाही म्हणतो, आणि पुढचा फोन तो गुपचूप मोठा घेतो.

मडगावचो_बाबलो

मी या बाबतीत टोक गाठून परत आलो आहे, म्हणून अनुभव लिहितो. वर्षभरापूर्वी मी हौसेने तीन इंची पडद्याचा स्मार्टफोन मागवला. कल्पना अशी होती, की फोन गैरसोयीचा असला म्हणजे आपण त्याला कमी वेळा हात लावू.

पहिले दोन आठवडे तसेच झाले. समुद्रावर चालायला जाताना सदऱ्याच्या वरच्या खिशात तो आहे हेसुद्धा जाणवत नसे. बातम्या वाचणे, व्हिडिओ बघणे आपोआप सुटले. मग एक दिवस बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवताना कीबोर्ड वर आला आणि 'पुढे' हे बटण त्याच्या खाली गेले. कीबोर्ड बंद केला की भरलेला आकडा पुसला जाई. रिक्षावाला समोर उभा, आणि मी ते बटण शोधतो आहे. मराठी टंकन तर प्रायश्चित्तच होते. 'क्ष' लिहायला गेलो की 'श' उमटे आणि 'ज्ञ' मी वापरणेच सोडून दिले. ॲप बनवणारे इतक्या लहान पडद्यावर आपले काम तपासून पाहत नाहीत, हे उघड आहे.

म्हणून माझे मत असे झाले, की लहानपणालाही एक तळ आहे. पाच इंचांच्या खाली फोन दुसरा म्हणून ठेवावा, पहिला म्हणून नव्हे. मन विचलित न होण्याचा लाभ मात्र खरा होता, आणि तो मला आजही आठवतो.

चाळिशीपार

बाबलो, तो लाभ पडद्याच्या आकाराचा होता की गैरसोयीचा? माझा पुतण्या साडेपाच इंची फोनवर अख्खा क्रिकेट सामना बघतो. बघणाऱ्याला पडदा अडवत नाही.

मडगावचो_बाबलो

मान्य. गैरसोयीचाच म्हणायला हवा.

सुईदोरा

घडीचा फोन कोणी वापरला आहे का? मिटल्यावर तो माझ्या खिशाच्या मापात येतो.

पाचवा_थर

ताई, आडवी घडी पडणारे फोन मिटल्यावर चौकोनी डबीसारखे होतात, त्यामुळे खिशाचा प्रश्न सुटतो. पण उघडल्यावर ते ६.७ इंच किंवा त्याहून मोठे असतात आणि रुंदी मिटली काय, उघडली काय, तीच राहते. शिवाय मिटल्यावर जाडी दुप्पट होते आणि वजन काही कमी होत नाही, म्हणजे शिवणीवरचा ओढा तसाच राहील. अंगठ्याची तक्रार असणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण मधल्या काळात मी ते लग्नपत्रिकांचे तुकडे पिशवीत घालून तीन दुकाने फिरलो. एका ठिकाणी विक्रेत्याने ते हातात घेऊन पाहिले आणि आतल्या नाण्यांचा आवाज आल्यावर 'हे काय आहे' असे जरा संशयानेच विचारले.

चाळिशीपार यांच्या सातबाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी असले कागद लॅपटॉपवर बघतो, आणि टेम्पर्ड यांनी म्हटले तसे माझ्या घरी लॅपटॉप आहे. ज्याचा फोन हाच त्याचा एकमेव पडदा आहे, त्याने मोठा घ्यावा, यात मला वावगे दिसत नाही. माझा आक्षेप इतकाच, की बाकीच्यांनाही दुसरे काही मिळू नये. हस्तोपचार यांच्या सांगण्यावरून मी करंगळीखाली फोन टेकवण्याची सवय लक्ष ठेवून पाहिली, आणि ती माझ्या समजुतीपेक्षा बरीच जुनी निघाली.

शेवटी ७०.५ मिमी रुंदीचा, १६२ ग्रॅमचा फोन घेतला. पडदा ६.२ इंची आहे, जो दहा वर्षांपूर्वी मी राक्षसी म्हटला असता. अंगठा समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातो, पण ताणून. तुकड्यावरचा 'चालेल' हा शेरा बरोबर होता.

टेम्पर्ड

अभिनंदन. या मॉडेलची काच आणि कव्हर माझ्याकडेसुद्धा आहे, म्हणजे निवड शहाणपणाची झाली. कव्हर घातल्यावर रुंदी किती भरते, तेही एकदा मोजून लिहा.

आडवाट

आत्ताच पट्टी लावली. कव्हरसकट बरोबर ७४ मिमी, म्हणजे ज्या तुकड्यावर मी स्वतःच्या हाताने 'नको' लिहिले होते तोच. कव्हर काढून खणात ठेवले आहे. घरात सध्या सगळ्यांना सूचना आहे, की मी फोन घेऊन जिन्यावरून उतरत असताना मला हाक मारू नये.